हलशी ते यळ्ळूर: माळरानातून दोन दिवस पायी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातल्या शहापूरचे तुम्ही चौघे, वय पन्नास ते अठ्ठावन्न. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाच-सहा किलोमीटर चालता. आता यळ्ळूरहून निघून राजहंसगड, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी करत खानापूर गाठायचं, तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी नंदगडावरून हलशीला जायचं मनात आहे. हे जमेल का, कोणत्या महिन्यात जावं आणि तयारी काय करावी?

जमेल. फक्त दिशा उलटी करा. हलशीहून निघा आणि घराकडे चालत या.

याचं पहिलं कारण ऊन. यळ्ळूर ते खानापूर ही वाट जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते. तुम्ही जाणार मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे सूर्य दक्षिणायनाच्या टोकाला असताना. त्या दिवसांत आपल्याकडे तो आग्नेयेला उगवतो, नैर्ऋत्येला मावळतो आणि भर दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेलाच राहतो. दक्षिणेला चालणाऱ्याच्या तोंडावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन येतं. चेहरा भाजतो हे तर आहेच, पण डोळे बारीक करून चालल्यामुळे पायाखालचा मुरूम नीट दिसत नाही आणि डोकं धरतं. माळावर सावलीला झाड नाही तिथं हे फार जाणवतं. उत्तरेला चालताना तेच ऊन पाठीवर येतं, समोरचा मुलूख स्वच्छ उजेडात दिसतो. मानेवर पंचा टाकला की झालं.

दुसरं कारण परतीच्या सोयीचं. हलशी आडबाजूला आहे. तिथं संध्याकाळी थकून पोहोचायचं आणि मग बस शोधायची, हे पन्नाशीच्या माणसांनी करू नये. सकाळी ताजंतवानं असताना गाडी करून किंवा खानापूरहून बसनं तिथं जा आणि चालायला लागा. म्हणजे दर तासाला तुम्ही जास्त वाहतुकीच्या मुलखात येत जाता. खानापूरच्या पुढं पश्चिमेच्या हाताला लोंढ्याकडून येणारी रेल्वे आणि महामार्ग दोन्ही साधारण आपल्याच दिशेनं बेळगावकडे जातात. इदलहोंड आणि देसूर या स्टेशनांवर मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा रेल्वेवर भिस्त नको. महामार्गावर मात्र बस मिळते. कुणाचा गुडघा दुखायला लागला तर त्याला त्या बाजूला सोडता येतं. शेवटी यळ्ळूरला पोहोचलात की घर जवळच.

या दिशेत एक तोटा आहे, तोही सांगतो. लांबचा टप्पा दुसऱ्या दिवशी येतो. हलशी ते खानापूर वाटेच्या निवडीप्रमाणे पंधरा किलोमीटरच्या आसपास, खानापूर ते यळ्ळूर वीस-बावीस. शिवाय गडाचा चढ अगदी शेवटी. त्याचा उपाय पुढं सांगतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की ‘डोंगर काही मोठे नाहीत, नुसता माळ आहे, त्यामुळे चढाची काळजी नाही.’ या मुलखात चालणाऱ्यांची गफलत इथंच होते. खानापूर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर, बेळगाव ७५०च्या आसपास. कागदावर फरक फक्त शंभर मीटरचा. पण तुम्ही शंभर मीटर एकदा चढत नाही. टेकावर चढता, पलीकडे ओढ्यात उतरता, पुन्हा चढता. पन्नास-साठ मीटरचा चढ कुणाला चढ वाटत नाही. असे दिवसभरात दहा झाले की सहाशे मीटर होतात, म्हणजे एक चांगला गड चढून झाला. तो गड एका दमात चढला असता तर मनाची तयारी असती, वर बसून विश्रांती घेतली असती. इथं तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि दुपारी तीनच्या सुमारास पाय अचानक जड होतात.

हिशेबाला एक जुना नियम आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली तो मांडला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बावीस किलोमीटर आणि समजा सहाशे मीटर चढ, तर साडेपाच तास होतात. पण हा हिशेब थंड हवेतल्या, सराव असलेल्या आणि मध्ये न थांबणाऱ्या माणसाचा आहे. आपलं ऊन, जेवण, वाट विचारण्यात जाणारा वेळ आणि चौघांतला सर्वांत हळू चालणारा धरून मी त्यात निम्मी भर घालतो. म्हणजे आठ तास. सकाळी सातला निघालात तर तीनला पोहोचाल. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून हातात तीन तास शिल्लक राहतात. हे तीन तास गप्पांसाठी नाहीत, वाट चुकली तर लागतात.

चढ मोजायचा कसा? भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी नकाशे आहेत, त्यांवर दर वीस मीटर उंचीला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा असते. ज्या वाटेनं जाणार तिच्यावरून बोट फिरवायचं आणि चढताना किती रेषा ओलांडल्या ते मोजायचं. पण आपल्या माळावर एक मेख आहे. पंधरा-अठरा मीटरचे खळगे दोन रेषांच्या मध्ये लपतात, नकाशावर उमटतच नाहीत, आणि आपल्याकडे त्यांचीच रेलचेल. म्हणून रेषा मोजून जो आकडा येईल त्यात चौथा हिस्सा वाढवा. मोबाईलवरचे नकाशे रस्त्याचं अंतर बरोबर सांगतात, पण पाणंद आणि गाडीवाटा त्यांना फारशा ठाऊक नसतात. त्यासाठी कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ हे ॲप घ्या. आपण उभे आहोत तो सर्व्हे नंबर कोणता हे त्यात कळतं. वाट कुणाच्या मालकीच्या रानात शिरली याचा अंदाज येतो. कुणी हटकलं तर बोलणं सोपं जातं.

कारण इथं रंग मारलेले दगड नाहीत, बाणाच्या पाट्या नाहीत. आहे ती गावागावांना जोडणारी जुनी वाट: कुठं पाणंद, कुठं बांध, कुठं गायरानातली ढोरवाट. ती कुणाच्या तरी शिवारातूनच जाते. म्हणून दर गावच्या वेशीला पुढच्या गावाची वाट विचारा. लांबच्या मुक्कामाची विचारू नका. ‘खानापूरहून यळ्ळूरला चालत’ असं सांगितलंत तर माणूस काळजीनं तुम्हाला थेट डांबरी रस्त्यावर नेऊन सोडेल. ‘नंदिहळ्ळीला माळावरनं कसं जायचं?’ असं विचारलं तर बरोबर वाट दाखवेल. ‘कुठं निघालासा? कुणाच्यात आलासा?’ असं हमखास विचारतात. थांबून नीट उत्तर द्या. चैत्रात जोतिबाला बैलगाड्यांबरोबर चालत जाणारी, पंढरीची वारी करणारी माणसं या गावांत घरोघरी आहेत. चालणं त्यांना नवं नाही. पण चौघे अनोळखी लोक मोबाईल रोखून शेताचे फोटो काढत फिरताहेत म्हटल्यावर जमीन बघायला आलेले दलाल असं वाटतं, आणि अलीकडे तसे बरेच येतात.

महिन्याचं म्हणाल तर सुगी उरकल्यावर. भात कापून मळणी झाली की शिवार मोकळं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. त्यातही एक सांगायचं आहे. भात निघालेल्या रानात ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. दुरून ते रान मोकळं वाटतं, जवळ गेल्यावर बोटभर उगवण दिसते. त्यातून आडवं जाऊ नका, बांधानं वळसा घ्या. पावसाळ्यात हिरवाई पाहायला जायचं अनेकांच्या मनात असतं; पण तांबडी माती बुटाला चिकटून पाय दुप्पट जड होतो, बांध निसरडे असतात आणि भाताच्या रानात पाय ठेवायला जागा नसते. मार्चनंतर ऊन कडक होतं. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो. उघड्या माळावर वीज कडाडत असताना सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट. ते महिने या वाटेचे नव्हेत.

पहिला दिवस. हलशीला सकाळी लवकर पोहोचा आणि निदान तासभर तिथं द्या. ही कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी. बनवासीच्या जुन्या कदंबांचे ताम्रपट इथं सापडले आहेत, आणि पुढं गोव्याच्या कदंबांची ही दुसरी राजधानी होती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह, दुसऱ्यात वराह. मध्ये उभं राहिलं की दोन्ही देव दिसतात. हे देऊळ पाहायचं तर पायाला थकवा येण्याआधीच. संध्याकाळी दमून पोहोचणारा नमस्कार करतो आणि पायरीवर बसतो, त्याला काही दिसत नाही. दिशा बदलायला सांगण्यामागं माझं हेही एक कारण आहे.

हलशी ते नंदगड या पट्ट्यात काजूची रानं आणि जंगलाच्या कडा लागतात. खानापूर तालुक्याच्या जंगलात अस्वलं आहेत, गवे आहेत. सूर्य वर आल्याशिवाय निघू नका, झाडीच्या कडेनं जाताना आपसात बोलत चला. अस्वल माणसाची चाहूल लागली तर सहसा बाजूला होतं. अचानक समोरासमोर आलं तरच घात होतो. जवळची वाट म्हणून झाडीत शिरू नका. गावकरी ज्या वाटेनं रोज जातात तीच धरा.

नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याचं स्मारक आहे. इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला इथं फाशी दिलं. त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक अजून नवस बोलतात, पाळणे बांधतात. जेवणाची सुट्टी इथंच घ्या. नंदगडच्या पुढं खानापूरपर्यंत डांबरी सडक टाळायची तर वळसे पडतात. वाहनं फार नसतील तर मी सरळ सडकेच्या कडेनं जाईन, येणाऱ्या गाड्यांना तोंड करून, म्हणजे उजव्या अंगानं. ताकद दुसऱ्या दिवसासाठी राखायची आहे.

खानापूरला मलप्रभा भेटते. पश्चिमेला कणकुंबीला उगम पावून ती इथवर येते आणि पुढं पूर्वेला कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. इथली तांबडी माती कौलांची आणि मडक्यांची; या मातीमुळेच कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था खानापुरात आली. मुक्कामाला गेल्याबरोबर बूट काढा, पाय थंड पाण्यानं धुवा, कोरडे करा आणि प्रत्येक बोट तपासा. जिथं लाल झालंय, चुरचुरतंय, तिथं रात्रीच कापडी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी वेदना कमी करते, फोड येण्याआधी लावलेली दुसरा दिवस वाचवते.

दुसरा दिवस हा खरा माळाचा दिवस. खानापूर सोडून गर्लगुंजीकडे निघालात की टेकड्यांच्या लाटा सुरू होतात. जांभा दगडाचं उघडं पठार, मध्ये वाळलेलं गवत, खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं, पुन्हा वर नाचणीची उतरती रानं. जांभ्याचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा असतो. त्यावर घोटा मुरगळतो. उतारावरचा मुरूम तर पायाखालून गोट्यांसारखा सरकतो. उतरताना लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाचेवर जोर देऊ नका. हातात एक काठी हवीच. चढाला ती मदत करते, उताराला गुडघ्याचा भार घेते आणि धनगराचं कुत्रं अंगावर आलं तर जमिनीवर नुसती आपटायला पुरते. कुत्र्यापुढं पळायचं नाही. मेंढरांपासून लांबून वळसा घ्यायचा आणि धनगराला हाक द्यायची.

तुम्हाला दुसऱ्या दिवशी मांडीच्या पुढच्या भागात जे दुखेल ते चढानं नव्हे, उतारानं. उतरताना स्नायू ताणत ताणत भार पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती कळ एक-दोन दिवसांनी वर येते. व्हॅक्सिन डेपोवर सपाट फिरून या स्नायूला काहीच सराव होत नाही. म्हणून निघण्याआधी सहा आठवडे दर रविवारी यळ्ळूरच्या गडाचा, म्हणजे राजहंसगडाचा रस्ता चढा आणि उतरा, दोनदा, पाठीवर जेवढं वजन नेणार तेवढं घेऊन. त्यातला उतार हा तुमचा खरा व्यायाम. बूटही याच रविवारी मळवा. नवे बूट घेऊन या वाटेला येऊ नका.

पाण्याच्या बाबतीत तडजोड करू नका. माणशी तीन लिटर निघताना भरलेलं हवं. माळावरचे झरे जानेवारीत आटलेले असतात, ओढ्यात शेताची औषधं उतरलेली असतात. गर्लगुंजीत आणि नंदिहळ्ळीत पुन्हा भरून घ्या. कुणाच्याही दारात मागितलं तर पाणी मिळतं, बऱ्याचदा ताकही. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि साखरेसाठी गूळ-शेंगा किंवा कुंदा. मिठाचं काहीतरी हवंच, घामावाटे ते जातं.

आणखी तीन धोके थोडक्यात. जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं, तेव्हा बसण्याआधी दगड काठीनं वाजवा आणि कपारीत हात घालू नका. चावलंच तर कापाकापी, बांधणं असले उपाय नकोत; अवयव हलवू न देता थेट दवाखाना. रानडुकरांसाठी शेताला तारा लावलेल्या असतात, त्यांत करंट असू शकतो. कुंपण ओलांडूच नका, आणि अंधारात तर शेतात शिरूच नका. तिसरं गोचीड. पश्चिमेकडच्या सत्तरी, दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांतच असतो. पायमोजे विजारीवरून ओढून घ्या, झाडीच्या पाचोळ्यात लोळू नका, रात्री अंग तपासा. नंतर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात फिरून आलो हे आपणहून सांगा.

नंदिहळ्ळीच्या पुढं राजहंसगड नीट समोर येतो. इथं घड्याळ बघा. दुपारचे दोन वाजायच्या आत पोहोचलात आणि चौघांचेही पाय धड असतील तर गड चढा. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, आणि चालून आलेला सगळा मुलूख दिसतो. साधारण याच कण्यावर पाणी वाटलं जातं. दक्षिणेचं मलप्रभेला, उत्तरेचं बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेयला आणि तिथून घटप्रभेला. शेवटी दोन्ही कृष्णेलाच जातात, पण केवढा वळसा घालून. नकाशावर ते अनेकदा पाहिलं असेल. दोन दिवस चढउतार केल्यावर ते पायाला समजतं, आणि हा आनंद मला या वाटेवरचा सर्वांत मोठा वाटतो. दोन वाजून गेले असतील किंवा एकजण जरी लंगडत असेल, तर गड उजव्या-डाव्या बगलेला टाकून सरळ यळ्ळूरला उतरा. गड घराजवळच आहे, पुढच्या रविवारी येता येईल. याबाबत चौघांनी आधीच घरी बसून ठरवा. गडाच्या पायथ्याला चर्चा केली की उत्साही माणूस जिंकतो आणि दुखऱ्या गुडघ्याचा गप्प बसतो.

यळ्ळूरकडे उतरताना बासमतीची खाचरं लागतील. नोव्हेंबरच्या अखेरीस गेलात आणि कुठं मळणी चालू असेल तर जरा थांबून चार शब्द बोला. घरचा तांदूळ विकायचा असेल तर तिथंच कळेल.

कणकुंबीपर्यंत मलप्रभेच्या काठानं जाण्याचा विचारही तुम्ही शेवटी लिहिलाय. तो सध्या बाजूला ठेवा. जांबोटीच्या पुढं पावसाचं आणि दाट जंगलाचं राज्य सुरू होतं, चोर्ल्याचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो आणि दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे, जिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. त्यापेक्षा हे दोन दिवस पचले तर पुढच्या वर्षी शिनोळीहून देवरवाडी, वैजनाथ आणि वर महिपाळगड असा चंदगड बाजूचा एक दिवस करा. गडावर वस्ती आहे, जंगल कमी आहे, आणि चढ एका ठिकाणी असल्यामुळे हिशेब सोपा आहे.

तारीख पक्की करताना मार्गशीर्ष पौर्णिमा कधी येते ते पाहा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेमुळे त्या आठवड्यात बसगाड्यांना मरणाची गर्दी असते, आणि गावागावांतली माणसंही यात्रेला गेलेली असतात. मग वाट विचारायला वेशीवर कुणी भेटत नाही. त्याच्या पुढचा आठवडा धरा, आणि हलशीच्या पहिल्या बसची वेळ आदल्या दिवशी खानापूर स्थानकावर विचारून घ्या.